घरातील वाय-फायचे जाळे व तारेचा कणा

बडोद्याच्या मांडवी, रावपुरा, घडियाळी पोळ या भागांत खाली दुकान अथवा पेढी आणि वर दोन-तीन मजल्यांचे बिऱ्हाड, अशी घरे आजही दिसतात. ती रुंदीला कमी, लांबीला अधिक आणि भिंतींनी जाड असतात. खाली बिले व बँकेचे व्यवहार, मधल्या मजल्यावर मुलांचा अभ्यास, वरच्या माडीवर घरून चालणारी नोकरी, हे सर्व आता इंटरनेटवर अवलंबून आहे. जोडणी मात्र तळमजल्यावर येते व माडीपर्यंत पोहोचेतो क्षीण होते. अशा वेळी मेश पद्धतीचा संच विकत आणला जातो. परंतु त्याची मांडणी समजून न केल्यास पैसा जाऊनही तक्रार राहतेच. व्यापारी बंधूंनी म्हणूनच ही पद्धत जाणून घ्यावी.

मेश म्हणजे जाळे. एका राउटरऐवजी घरात दोन-तीन केंद्रे असतात. सर्वांचे नाव व संकेतशब्द एकच. मनुष्य जिना चढून गेला की त्याचा फोन जवळच्या केंद्राला जोडला जातो. ही केंद्रे आपसांत ज्या मार्गाने बोलतात त्यास बॅकहॉल म्हणतात. तो बिनतारी असतो किंवा तारेचा. आणि सारा फरक येथेच पडतो.

२.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून त्या मानाने बरी जाते, पण तिच्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ व ११. पोळीत भिंतीला भिंत लागून असल्याने त्यांवर शेजाऱ्यांचीही गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, तथापि जाड भिंतीपुढे लवकर दुबळी पडते. शिवाय केंद्र एकाच रेडिओवर मागचे ऐकून पुढे सांगू लागले की प्रत्येक टप्प्यास वेग सुमारे निम्मा होतो. बिनतारी दुव्याची क्षमता २०० मेगाबिट धरली, तर एका टप्प्यानंतर १०० व दोन टप्प्यांनंतर ५०च्या आसपास हाती राहतात.

इ. स. १८९२ मध्ये, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, आजव्याच्या सरोवराचे पाणी नळांनी बडोद्यात आले. मुख्य नळ अरुंद असता, तर घरोघरी तोट्या वाढवून धार मोठी झाली नसती. केंद्रे या तोट्या होत. तार हा मुख्य नळ.

आता कृती पाहू.

१. जागा : प्रत्येक मजल्यावर केंद्र मोकळ्या, मध्यवर्ती जागी ठेवावे, लोखंडी कपाटात वा तिजोरीमागे नव्हे.

२. तार : शुद्ध तांब्याची कॅट-६ तार घ्यावी. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असली तरी टाळावी. जिन्याच्या कोपऱ्यातून स्वतंत्र नळीने ती वर न्यावी, म्हणजे जुन्या कोरीव लाकडास भोक पाडावे लागत नाही. विजेच्या तारेस ती ओलांडायची झाल्यास काटकोनात ओलांडावी. गल्लीपलीकडील गोदामास मात्र प्रकाशतंतूची तार न्यावी, कारण तांब्यावरून विजेचा धोका घरात येतो.

३. जोडणी : कंपनीच्या पेटीतून तार मुख्य केंद्रास, तेथून स्विचला, व स्विचपासून प्रत्येक मजल्यास स्वतंत्र तार न्यावी. कंपनीची पेटीही राउटरचे काम करीत असल्यास दोहोंपैकी एकास ब्रिज पद्धतीवर ठेवावे. एका केंद्रातून स्विचला दोन तारा जोडू नयेत. फेरा पूर्ण होऊन सारे जाळे ठप्प होऊ शकते.

४. वीज : पेटी, स्विच व सर्व केंद्रे यूपीएस अथवा इन्व्हर्टरवर असावीत.

५. सुरक्षा : ग्राहकांसाठी पाहुण्यांचे निराळे जाळे ठेवावे, पेढीचा हिशेब असलेले संगणक त्यावर कधीही जोडू नयेत.

काम आटोपल्यावर कारागिरास लगेच निरोप देऊ नये. वरच्या माडीवर प्रथम तारेने व मग वाय-फायने वेग मोजावा. तारेवर वेग पूर्ण व वाय-फायवर कमी असेल, तर केंद्राची जागा बदलावी. जोडणी १ गिगाबिटची असता तारेवरच वेग १००च्या आत अडकला, तर टोकाची जुळणी सदोष समजावी. कारण गिगाबिटला तारेच्या चारही जोड्या लागतात. एवढी परीक्षा करून मगच मजुरी चुकती करावी.