सोरायसिस: पैसा कुठे लावायचा, कुठे नाही

कोपरावर लालसर, जाड चट्टा उठतो, त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात. नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणली जाते. त्यातल्या स्टेरॉइडने थोडे दिवस आराम पडतो, मग चट्टा पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. सोरायसिसमध्ये सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

हा आजार बुरशीचा नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बिघडते आणि महिन्याभरात तयार होणारी कातडी काही दिवसांतच तयार होते. घरात कुणाचं ताट-टॉवेल वेगळं केलं असेल, तर ते आजच थांबवा. ऊसतोडीत पात्याने ओरखडा उठला की तिथेच नवा चट्टा येऊ शकतो, म्हणून शेतात पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आधी नक्की निदान करून घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उत्तर पुणे जिल्ह्यात असाल तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय गाठा. त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते आधी विचारा. खासगी डॉक्टरांची फी साधारण तीनशे ते पाचशे धरा. पुण्यात ससूनला केसपेपर नाममात्र दरात निघतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण रोज बुडतो तो वेगळाच. अतिनील किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावा लागतो, तेव्हा ही बेरीज आधी करा.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या लिहून दिल्या, तर जेनेरिक घेतल्यास महिन्याला दोन-तीनशेत भागतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर वार लिहून ठेवा. दारू बंद, मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि रक्ततपासणी टाळू नका; ती सरकारीत करा. बायोलॉजिक इंजेक्शनं हजारो रुपयांची असतात, सगळ्यांना लागतही नाहीत. ‘कायमचा बरा करतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आजार आटोक्यात राहतो, पुन्हा डोकावतो. सकाळी बोटं आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, सांध्यांनाही हा आजार धरतो.

मन खचलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, फुकट. कोड असणाऱ्यांसाठी डॉ. माया तुळपुळे यांनी पुण्यात ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. तसा आधार आपल्याकडे सोरायसिसलाही हवा. ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेल्याशी बोला, नंबर घ्या; पुढच्या खेपेला गाडीभाडं वाटून घेता येईल.