अजिंठ्याची महापरिनिर्वाण-मूर्ति

सोलापुराहून तुळजापूर, धाराशिव व बीड या मार्गानें उत्तरेकडे गेल्यास सुमारें ३०० किलोमीटरांवर छत्रपति संभाजीनगर लागतें. तेथून आणखी सुमारें १०० किलोमीटर गेलें म्हणजे वाघूर नदीच्या अर्धचंद्राकार खोऱ्यांत अजिंठ्याचीं लेणीं दिसतात. तेथील भित्तिचित्रांची कीर्ति सर्वश्रुत आहे. त्यामुळें पुष्कळ प्रवासी पहिल्या कांहीं लेण्यांतच बहुतेक वेळ घालवितात, आणि सव्विसाव्या लेण्यापाशीं येतात तेव्हां थकून गेलेले असतात. परंतु अजिंठ्याची अत्यंत भव्य अशी बुद्धमूर्ति याच लेण्यांत आहे.

हें लेणें म्हणजे चैत्यगृह होय. आंत शिरून डावीकडे वळावें, म्हणजे भिंतींत कोरलेली शयनमूर्ति दृष्टीस पडते. तिची लांबी सुमारें ७ मीटर आहे. भगवान् बुद्ध उजव्या कुशीवर निजले असून त्यांचे नेत्र मिटलेले आहेत. कुशीनगर येथील महापरिनिर्वाणाचा हा प्रसंग होय.

ही मूर्ति पाहावी कशी? प्रथम शिरापासून पायांपर्यंत सावकाश चालत जावें, म्हणजे तिचा विस्तार ध्यानांत येतो. मग दृष्टि खालीं न्यावी. तेथें शोकाकुल भिक्षु व उपासक लहान आकारांत कोरले आहेत. नंतर वर पाहावें. तेथें अंतरिक्षांतील दिव्य गण दिसतात. खालीं मानवांचा शोक, वर देवलोक आणि मध्यें ती निश्चल शांति, अशी ही रचना आहे. भोंवतालच्या आकृति लहान आहेत, म्हणूनच मधली शांति एवढी विशाल भासते.

केवळ मापानें पाहिल्यास ही मूर्ति जगांत मोठी ठरणार नाहीं. चीनमधील लेशान येथील बैठा बुद्ध ७१ मीटर उंच आहे. अफगाणिस्तानांत बामियान येथें ५५ व ३८ मीटर उंचीच्या दोन मूर्ति होत्या; त्या इ. स. २००१ मध्यें सुरुंग लावून उडविण्यांत आल्या. मूर्ति कितीहि प्रचंड असली तरी तिचें आयुष्य अखेर माणसाच्या हातीं असतें, हें यावरून कळतें.

आतां दोन नांवांचा विचार करूं. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें लेणें बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूनें करविलें. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा मित्र होता. त्याच्या स्मरणार्थ हें दान आहे, असें तेथील शिलालेख सांगतो. ज्याची स्मृति लोकांत जागी राहते तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरांत चिरकाल टिकणारें स्मारक करावें, असाहि आशय त्या लेखांत आहे. दुसरें नांव जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचें. शिकारीच्या निमित्तानें आलेल्या या गृहस्थास इ. स. १८१९ मध्यें हीं विस्मृत लेणीं दिसलीं, आणि त्यानें दहाव्या लेण्यांत चित्रावरच आपलें नांव व २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेविली. दोघांचींहि नांवें टिकलीं आहेत. पण एकानें जगाला कांहीं देऊन तें मिळविलें, दुसऱ्यानें प्राचीन कृतीस ओरखडा काढून.

प्रत्येक प्रवाशापुढें हे दोन मार्ग असतात. इ. स. १९८३ पासून हीं लेणीं जागतिक वारशाच्या यादींत आहेत. परंतु यादी म्हणजे कांहीं पहारेकरी नव्हे. आपण सहलीस जाल तेव्हां सोमवार टाळा, कारण त्या दिवशीं लेणीं बंद असतात. आंत झगझगीत प्रकाश पाडून छायाचित्रें घेऊं नका, दगडास हात लावूं नका, मोठ्यानें बोलूं नका. ज्या शिल्पकारांनीं ही मूर्ति घडविली त्यांनीं तिच्या अंगावर आपलीं नांवें लिहिलीं नाहींत. तिच्यासमोर दहा मिनिटें स्वस्थ उभें राहून, कांहींएक खूण मागें न ठेवितां परत येणें, हाच त्यांचा खरा सन्मान होय.