धार लावणाऱ्या दगडाची निगा

पटाशी लागेनाशी झाली की नवशिका सुतार पोलादाला दोष देतो, दुकानदारालाही देतो. दगडाकडे मात्र पाहत नाही. मी स्वतः बोईसरला कामाला लागलो तेव्हा खोलगट दगडावर घासघासून रंध्याचे एक चांगले पाते निम्मे संपविले होते. त्याचे पैसे माझ्याच मजुरीतून गेले.

आपण पाते नकळत दगडाच्या मध्यभागीच घासतो. तो भाग झिजून खोल होतो. अशा दगडावर रंध्याच्या पात्याची धार सरळ न राहता मध्ये फुगते, पटाशीची पाठ गोलावते आणि चौकटीच्या सांध्यात फट राहते. ही झीज एका दिवसात दिसत नाही. संयुत्तनिकायात सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त आहे: दांड्यावर बोटांच्या खुणा दिसतात, परंतु आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. दगडाचेही तसेच आहे. म्हणून पोलादी पट्टी दगडावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. मधून उजेड आला तर दगड खोलगट झाला असे समजावे.

तो सपाट करण्यासाठी जाड काचेवर खरखरीत वॉटर पेपर ओला करून पसरावा. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा माराव्यात आणि तो गोल फिरवीत घासावा. कडेच्या रेघा आधी पुसल्या जातात. मधली गेली की काम झाले. काच नसल्यास शहाबादी फरशीचा तुकडा, वाळू आणि पाणी यांवरही भागते, पण वेळ लागतो आणि फरशीही झिजते, म्हणून जागा बदलत राहावी. सातपाटीसारख्या किनाऱ्यावरची वाळू आधी गोड्या पाण्याने धुवावी. शेवटी दगड स्वच्छ धुवावा. राहिलेला एक कणही धारेवर ओरखडा काढतो.

बाजारातल्या कार्बोरंडमच्या दुहेरी दगडाला तेल किंवा पाणी यांपैकी एकच ठरवावे. शिलाई यंत्राचे पातळ तेल उत्तम. जवसाचे वा करडईचे तेल वापरू नये. ते वाळून चिकट होते, छिद्रे बुजतात आणि पाते नुसते घसरते. तसे झाल्यास गरम पाणी, साबणाची पूड आणि ब्रश यांनी दगड घासावा. पाणी वापरणाऱ्यांनी पाते लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, गंज चढायला एक रात्र पुरते.

काम संपल्यावर काळा गाळ चिंधीने पुसून दगड झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवावा. उघडा राहिला तर भुसा तेलात बसतो.