पऱ्हाटीचं पान का बदलते?

ताईंनो, आपल्या चांदूर रेल्वे भागात पऱ्हाटी उगवली की आधी दोन जाडसर, गोल पानं दिसतात. ही बीमधलीच दलं, म्हणजे रोपाची शिदोरी. त्यानंतरचं पहिलं खरं पान नागवेलीच्या पानासारखं अखंड असते. पुढच्या पानांना हळूहळू तीन, मग पाच बोटं फुटतात.

मी पहिल्यांदा निंदायला बसली, तेव्हा असं अखंड पानाचं रोप तण समजून उपटलं. शेजारच्या काकूंनी हातच धरला, "हे त पऱ्हाटी आहे, माय!" महागाचं बियाणं असं वाया जाते.

म्हणून पान वेगळं दिसलं की आधी तीन गोष्टी बघा.

१. वय: लहान रोपाचं पान अखंड असणारच.

२. वाण: देशी पऱ्हाटीची बोटं अरुंद आणि खोल कापलेली, अमेरिकन पऱ्हाटीची रुंद. मोठं झाल्यावरही एखादंच झाड वेगळं दिसलं, तर बियाण्यात मिसळ असू शकते.

३. तणनाशक: टू-फोर-डीचा वारा लागला, की नवी पानं भेंडीच्या पानासारखी लांबट, चिरलेली होतात. तोच पंप न धुता वापरला का, घरी विचारा.

या आठवड्यात एका रोपाची पानं खालून वर बघा. काय दिसलं, ते बैठकीत सांगा.