नवा केबल मॉडेम घेतल्याने इंटरनेटचा वेग वाढतो काय?

घरातूनच धंदा चालविणारे अनेक कारागीर व व्यापारी बंधू असा प्रश्न करतात की, केबलवाल्याचे इंटरनेट रडतखडत चालते, तेव्हा नवा मॉडेम घ्यावा काय? दुकानदार तर 'घ्या' म्हणणारच. आमचे म्हणणे असे की, पैसे मोजण्यापूर्वी अर्धा तास खर्चून दोष नेमका कोठे आहे ते पाहावे.

प्रथम एक तपासणी. लॅपटॉप वायफायवर न ठेवता तारेने थेट मॉडेमला जोडावा आणि वेग मोजावा, एकदा पहाटे व एकदा रात्री नऊच्या सुमारास. दोन्ही वेळी प्लॅनमध्ये लिहिलेला वेग मिळत असेल तर मॉडेम निर्दोष आहे. दोष वायफायचा आहे. माळ्यावरच्या कारखान्यात दोन भिंती आणि लोखंडी कपाटापलीकडे सिग्नल पोहोचत नसेल, तर मॉडेम बदलून काय होणार? तेथे राउटरची जागा बदलावी किंवा वरपर्यंत तार ओढावी. राउटरचे पोर्ट जुन्या १०० एमबीपीएसचे असेल तर ३०० चा प्लॅन घेऊनही त्या पोर्टातून ९४-९५ च्या वर काही येत नाही. हेही ध्यानात ठेवावे की १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. येथे बिट आणि बाइट यांचा घोटाळा पुष्कळ लोक करतात व विनाकारण कंपनीशी भांडतात.

आता मॉडेम बदलणे खरोखर केव्हा लाभते ते पाहू. केबल मॉडेम 'डॉक्सिस' नावाच्या नियमावलीवर चालतात. तिची पहिली आवृत्ती १९९७ ची. २.० पर्यंतच्या मॉडेमला खाली येणारा एकच चॅनेल मिळे. आठ मेगाहर्ट्झच्या अशा चॅनेलची कुवत सुमारे ५० एमबीपीएस, आणि तीही आसपासच्या सर्व घरांत वाटली जाई. २००६ च्या ३.० आवृत्तीने अनेक चॅनेल एकत्र बांधण्याची सोय केली. चार चॅनेलचे साधारण २००, आठांचे ४००. एका अरुंद गल्लीऐवजी आठ गल्ल्या मोकळ्या झाल्या, म्हणजे रात्रीची गर्दी विभागली जाते. म्हणून ज्याच्या घरी अजून २.० चा डबा आहे आणि रात्रीच वेग कोसळतो, त्याला नव्या मॉडेमने फरक दिसेल. परंतु ३.० चा आठ चॅनेलचा मॉडेम असून प्लॅन ५० चा असेल, तर २०१३ च्या ३.१ आवृत्तीचा महागडा मॉडेम आणूनही वेग ५० च राहील. प्लॅनची मर्यादा कंपनी ठरविते, डबा नव्हे.

सतत तुटणाऱ्या लाइनीचे कारण मात्र बहुधा तारेतच सापडते. टीव्हीसाठी बसविलेला दुहेरी स्प्लिटर निम्मा सिग्नल खातो. गच्चीवर पावसात गंजलेला कनेक्टर, हातांनी पिळून जोडलेली केबल, सैल पिन हे सारे मॉडेमच्या माथी मारले जाते. वर जाणाऱ्या सिग्नलचे दुखणे आणखी वेगळे. तो कमी फ्रिक्वेन्सीवर चालतो व त्या पट्ट्यात साऱ्या इमारतीचा गोंगाट एकत्र येऊन मिसळतो. शेजारच्या घरातील उघडी तार तुमच्या जरीकामाचे फोटो ग्राहकाकडे जाताना अडवू शकते! ज्यांना जीएसटीचे विवरणपत्र शेवटच्या दिवशी भरण्याची सवय आहे, त्यांनी हे विशेष जाणावे.

याचा पुरावा मॉडेम स्वतः देतो. बहुतेक केबल मॉडेमवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकल्यास सिग्नलचे पान उघडते. खाली येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ च्या दरम्यान असावा, आणि सिग्नल व गोंगाट यांचे प्रमाण ३३ च्या वर असावे. आकडे याबाहेर असतील, किंवा नोंदवहीत 'टी-३ टाइमआउट' वारंवार दिसत असेल, तर त्या पानाचा फोटो काढून केबलवाल्यास दाखवावा. 'लाइन ठीक आहे' असे म्हणणे त्याला मग जड जाते.

आकडे चांगले असूनही मॉडेम हाताला चटका बसेल इतका तापत असेल वा आपोआप बंद-चालू होत असेल, तर आधी अॅडॅप्टर बदलून पाहावा. ते स्वस्तात भागते. तरीही न सुधारल्यास मॉडेम बदलणे रास्त.

नवा म्हणजे चांगलाच, असेही नाही. इंटेलची 'प्युमा ६' चिप असलेल्या मॉडेममध्ये डेटा मधूनमधून अडखळतो, अशा तक्रारी २०१६ मध्ये अमेरिकेत गाजल्या होत्या. तेव्हा विकत घेण्यापूर्वी, हा मॉडेम आपल्या केबल कंपनीच्या यादीत आहे काय आणि ती तो नोंदवून घेईल काय, हे विचारावे. नोंदणीविना तो नुसता डबा. आणि इमारतीत फायबर आले असेल, तर केबल मॉडेमवर एक रुपयाही घालू नये. फायबरला तो लागतच नाही, त्याचे यंत्र निराळे असते.