आणखी एक वर्ष

सांगोला,
उपवासकाळाचा तिसरा आठवडा

चि. बाळ यास आत्याचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

तीच चूक पुन्हा पुन्हा करून देवापुढे माफी मागायची आता लाज वाटते, असं तू परवा फोनवर म्हणालास. तेव्हापासून ते मनातून जात नाही.

रविवारी उपासनेत लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराचा दाखला वाचला. तीन वर्षं फळ नाही, म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या. आपण इथंच थांबतो; पण माळी पुढे म्हणतो, मी भोवती खणीन, खत घालीन. तुझ्या बाबांनी डाळिंबाची बाग अशीच जपली. आंबे बहाराआधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग आळी चाळून शेणखत घालायचं. तेल्या दिसला की डागी फांदी छाटून जाळायची, झाड राखायचं. देवाची सहनशीलता मला अशी राबणारी दिसते. तुला लाज वाटते, म्हणजे त्याचं काम तुझ्यात चालू आहे. तिला भिऊन प्रार्थना सोडू नकोस. मुदत मात्र खरी आहे, तीही त्याच दाखल्यात सांगितली आहे.

आपल्या मराठी मंडळीत रेव्हरंड टिळकांचं घर बघ. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या दुराव्याच्या काळात त्या आपल्या शेजारच्या पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, त्याही आपला धर्म सांभाळून. टिळक तापट, पण याबाबतीत त्यांनी बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. लोक टिळकांची सबुरी वाखाणतात. मला लक्ष्मीबाईंची क्षमा मोठी वाटते. त्यांनी त्याच माणसाबरोबर पुन्हा संसार मांडला, आणि १९१९ साली ते गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी आपला राग लपवलेला नाही. क्षमा करायची म्हणून दुखलंच नाही असं दाखवावं लागत नाही.

आता दादाबद्दल. कितीदा क्षमा करायची, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने साताच्या सत्तर वेळा असं उत्तर दिलं आणि लगेच त्या चाकराची गोष्ट सांगितली. त्याचं न फिटणारं कर्ज माफ झालं, आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. देवाकडे रोज माफी मागतोस, आणि वाटणीपासून सख्ख्या भावाशी अबोला धरून बसला आहेस. सातबाऱ्यावरचा हक्क सोड असं मी म्हणत नाही. मोजणी करून घे, कागद नीट कर. पण त्यासाठी बोलणं तोडायचं कारण नाही. चहा सोडलास, मटण सोडलंस, चांगलंच केलंस. हा अबोला तेवढा राहिला आहे.

उत्तम शुक्रवारच्या आत दादाला फोन कर. त्याने उचलला नाही तर पुन्हा कर.

तुझी,
आत्या