कवचाची किंमत

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. म्हणीतल्या प्राण्याकडे मात्र क्वचितच पाहतो. तिची समुद्रातली भावंडे पाहिली, तर जीव वाचविण्याच्या तिच्या युक्त्या ध्यानात येतात आणि त्यांपायी तिला काय गमवावे लागते हेही कळते.

उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, ‘न्युसेला’ या वंशातील गोगलगायी राहतात. अंडकोशातून बाहेर पडणारे त्यांचे पिलू जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते. मोठ्या गोगलगायीचे कवच फोडताना खेकड्याची दमछाक होते. पिलू मात्र नांगीत सहज चिरडले जाते. म्हणून त्याचा पहिला उपाय लपण्याचा. खडकातली फट, शिंपल्यांमधली सांद, जे मिळेल ते. पण न्युसेला स्वतःही शिकारीच आहे. शिंपल्याला भोक पाडून आतले मांस खायचे, तर तासन् तास, कधी दिवसाहूनही अधिक काळ, एका जागी उघड्यावर बसावे लागते. लपले तर उपास, खायला बसले तर खेकडा! आणि उपाशी पिलू लहानच राहते, म्हणजे पुन्हा खेकड्याच्याच आवाक्यात.

खेकडा आला हे तिला कळते ते मुख्यतः पाण्यातल्या वासावरून. ॲपलटन आणि पामर या संशोधकांनी १९८८ साली पॅसिफिककडील एका जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. खेकड्याचा स्पर्श होऊ न देता केवळ त्याचा वास असलेल्या पाण्यात गोगलगायी ठेवल्या, तेव्हा त्यांच्या कवचाच्या तोंडाशी मोठे दात तयार झाले. खेकडा त्यांच्याच जातभाईंना खात असेल, तर परिणाम अधिक दिसला. त्या खाऊ मात्र कमी लागल्या. हे दात मुळात उपासमारीने वाढ खुंटल्याचाच आनुषंगिक परिणाम असावेत, अशी शक्यताही या दोघांनी मांडली. मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. आपण ज्याला शस्त्र म्हणतो, त्याचा उगम भुकेत असू शकतो!

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर तर हे सारे इतिहासातच नोंदले गेले आहे. युरोपातून आलेला हिरवा खेकडा तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचला. रॉबिन सीली यांनी त्यापूर्वी गोळा केलेली ‘लिटोरिना’ वंशातील एका लहान गोगलगायीची कवचे नंतरच्या कवचांशी ताडून पाहिली आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुनी कवचे पातळ व उंच शेंड्याची, नंतरची जाड व बसक्या शेंड्याची निघाली. शंभर वर्षेही लागली नव्हती. हा सारा निवडीचा परिणाम म्हणावा, तर पुढे ट्रसेल आणि स्मिथ यांनी २००० साली दाखविले की खेकड्याच्या वासात वाढविलेली गोगलगाय एकाच आयुष्यात कवच जाड करते. त्या जाड कवचाच्या आतला जीव मात्र कमी वाढलेला असतो.